आठवड्याचे तीन दिवस नोकरी, बाकीचे गाण्याला

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर बाबा "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई "जेवलीस का" असे विचारून विषय मिटवते, म्हणून लिहीत आहे. दादाला हे मोठ्या अक्षरांत छापून आणायला सांगितले आहे, त्यामुळे बाबांना मोबाइलवर डोळे ताणावे लागणार नाहीत.

गेल्या महिन्यापासून मी पूर्ण वेळची नोकरी सोडली असून त्याच कंपनीत आठवड्याला तीन दिवसांचे काम घेतले आहे. उरलेले दिवस गाण्याला देणार आहे. माझा सहा गाण्यांचा पहिला संग्रह सप्टेंबरात येईल. त्यात अर्धे रॅप आहे, अर्धे गाणे; शब्द मराठीही आहेत आणि इंग्रजीही. इथे टोरांटोत उघड्यावरचे कार्यक्रम उन्हाळ्यातच होतात आणि नवख्या कलावंताला जे काही मिळते ते त्याच आठवड्यांत मिळते, म्हणून यंदा गौरी-गणपतीला मी घरी येणार नाही. दिवाळीला येईन. आई, गौरीच्या आरतीला मी नसणार हे लिहिताना माझा हात अडखळला, पण निर्णय झालेला आहे आणि तो मी पुष्कळ विचार करून घेतला आहे, एवढे आधी सांगून टाकते.

बाबा, तुमची पहिली शंका व्हिसाची असेल. कायम रहिवासी हा दर्जा मला सरकारने दिला आहे, कंपनीने नव्हे. त्यामुळे काम कमी केले म्हणून मला कोणी परत पाठवू शकत नाही. पाच वर्षांत मिळून 730 दिवस कॅनडात राहिले की तो दर्जा टिकतो, आणि नागरिकत्वाच्या अर्जासाठी पाच वर्षांत 1,095 दिवस लागतात, तेही हळूहळू भरत आले आहेत. मी इतकी वर्षे का थांबले, याचे उत्तरही यातच आहे. शिकत होते तेव्हा आठवड्याला किती तास काम करायचे याची मर्यादा होती. पुढे कायम रहिवासाचा अर्ज करायचा तर ज्या वर्गातून मी अर्ज केला त्यात पगारी नोकरीचाच अनुभव धरतात. स्वतंत्रपणे गाऊन केलेली कमाई तिथे शून्य. परदेशातून आलेल्या मुलामुलींची गाणी उशिरा का बाहेर येतात, असे मला कोणी विचारले तर मी आधी हा नियम दाखवीन, प्रतिभेची गोष्ट नंतर. तुम्ही मला "आधी पाय रोवून उभी राहा" असे सांगितले होते, आणि तसेच मी केले आहे.

दुसरी शंका पैशांची. वरच्या मजल्याच्या कर्जाचा हप्ता पूर्वीप्रमाणेच पाच तारखेला जमा होईल. त्याला मी हात लावणार नाही आणि दादाकडेही त्यासाठी बघायचे नाही. डॉक्टर आणि रुग्णालय यांचा खर्च इथे प्रांताच्या सरकारी योजनेतून होतो. औषधे आणि दात मात्र त्यात येत नाहीत आणि पूर्ण वेळच्या नोकरीबरोबर मिळणारा कंपनीचा विमा गेला, म्हणून मी स्वतःचा वेगळा विमा उतरवला आहे. त्याची कागदपत्रे दादाला पाठवली आहेत. वाटल्यास बाबांनी ती चष्मा लावून तपासावीत, कारण तपासल्याशिवाय त्यांना झोप येणार नाही हे मला ठाऊक आहे.

आता गाण्याविषयी. बाबा, मागे तुम्ही म्हणालात की हे गाणे नाही, ही भांडणाऱ्या माणसाची बडबड आहे. मला राग आला नाही, कारण ज्या घरात रेडिओवर शाहीर पिराजीराव सरनाईकांचा पोवाडा लागला की चहासुद्धा थांबत असे, त्या घरात असे म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पण मी डफावर बोलणारा माणूस पहिल्यांदा ऐकला तो तुमच्याच शेजारी बसून. कथा सांगता सांगता शाहीर मध्येच चाल सोडून नुसते बोलतो, ते बोलणेही तालातच असते आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरात शिरतो; माझ्या गाण्यांत मी हेच करते. सवाल-जवाब ज्यांनी ऐकला आहे त्यांना दोन रॅपरांची मंचावरची जुगलबंदी समजावून सांगावी लागू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. शिव्या अनेक जण घालतात, हे खरे. मी घालत नाही. शिवीने ओळ लवकर भरते, म्हणून आळशी माणसाला ती सोयीची पडते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये तुम्ही मला स्टुलावर बसवून माप घ्यायचे व्हर्नियर हातात द्यायचे आणि सांगायचे की एक सूत इकडचे तिकडे झाले तर सगळा माल परत येतो. चार मात्रांच्या ओळीत अक्षरे बसवताना माझे तसेच होते: एक अक्षर जास्त झाले की जीभ अडते आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळते. एकेका कडव्यावर मी रात्र रात्र काढते, तेव्हा तुमची आठवण येते. शाळेतून परतताना लूनावर तुमच्या पाठीला गाल लावून मी झोपायची आणि तुम्ही एका हाताने मला धरून गंगावेशीपर्यंत यायचे. आज ते कोणी केले तर मी त्याला रागावेन, पण तुम्ही केले याचे मला फार सुख आहे.

या रॅप प्रकाराचा उगमच मुळी परक्या देशातून आलेल्या एका मुलाच्या हातून झाला आहे. कूल हर्क या नावाने ओळखला जाणारा हा मुलगा 1967 मध्ये जमैकाहून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात आला. 11 ऑगस्ट 1973 रोजी त्याच्या बहिणीने इमारतीतल्या सभागृहात एक कार्यक्रम ठेवला, कारण तिला शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. हर्कने त्या सुमारास दोन तबकड्यांवरून गाण्यातला नुसत्या वादनाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला सुरुवात केली होती आणि लोक त्याच तुकड्यावर नाचत. तिथून हे सगळे सुरू झाले असे मानतात. आई, बहिणीच्या कपड्यांसाठी झालेला कार्यक्रम म्हटल्यावर तुझा विरोध निम्मा कमी होईल असा माझा अंदाज आहे.

आणि 2010 चा फुटबॉल विश्वचषक आठवा. पेठेत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागले होते, दादाने गच्चीवर कोणाचा झेंडा लावायचा यावरून काकांशी अबोला धरला होता, आणि शीतपेयाच्या जाहिरातीतले ते झेंड्याचे गाणे दिवसभर कानावर पडत होते. ते गाणारा केनान मोगादिशूचा. सोमालियात यादवी पेटली तेव्हा, 1991 मध्ये, तो घरच्यांबरोबर देश सोडून बाहेर पडला. आधी न्यूयॉर्क, मग याच टोरांटोचा रेक्सडेल भाग. त्याचे आजोबा कवी होते आणि मगूल ही सोमालियातली नामवंत गायिका त्याच्या नात्यातली. इंग्रजी येत नव्हते तेव्हा रॅपच्या तबकड्या ऐकून त्याने उच्चार पाठ केले. त्याचा नाव झालेला पहिला अल्बम 2005 मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याला जूनो हा इथला मोठा पुरस्कार मिळाला. म्हणजे देश सोडल्यापासून तिथवर पोहोचायला त्याला 14 वर्षे लागली, आणि जगाने ऐकायला आणखी पाच. मी त्याच्याशी बरोबरी करत नाही. वेळ किती लागतो तेवढे सांगते. मी स्वतःला दोन वर्षे दिली आहेत, त्यानंतर हिशेब मांडून तुमच्यासमोर ठेवीन.

हिशेब आजही सांगते. ऑनलाइन ऐकण्यातून जे मिळते त्यात महिन्याचा भाजीपाला येणार नाही. स्पॉटिफायवर तर 2024 पासून वर्षभरात हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला एक पैसाही मिळत नाही, म्हणजे जे अगदी नवे आहेत त्यांच्याच ताटातला घास काढून घेतला; मला हा नियम कोडगेपणाचा वाटतो. पण इतर वाटा आहेत. गाणे लिहिणाऱ्यांच्या वतीने सोकॅन नावाची संस्था पैसे गोळा करते, जशी आपल्याकडे आयपीआरएस. मी तिची सभासद आहे. एखाद्या छोट्या मंचावर जरी स्वतःची गाणी म्हटली तरी त्यांची यादी संस्थेला कळवली की त्याचा मोबदला येतो. थोडा येतो, पण येतो. फॅक्टर ही 1982 पासूनची संस्था ध्वनिमुद्रणासाठी अर्थसाहाय्य देते आणि कायम रहिवाशांनाही अर्ज करता येतो. तो अर्ज मी केला आहे, मिळेलच असे धरून चाललेले नाही.

एक गंमत मात्र बाबांना सांगायलाच हवी. इथल्या खासगी रेडिओ केंद्रांना लोकप्रिय संगीतातले 35 टक्के संगीत कॅनडाचे वाजवावे लागते. कोणते गाणे कॅनडाचे, हे ठरवताना संगीतकार, गायक, ध्वनिमुद्रणाची जागा आणि शब्द लिहिणारा अशा चार गोष्टी पाहतात, त्यांपैकी दोन जुळल्या तरी पुरे, आणि कायम रहिवाशाला तिथे कॅनडाचाच माणूस मानतात. शुक्रवार पेठेतल्या मुलीने मराठीत लिहिलेले, हलगीवर बांधलेले गाणे या नियमाने पक्के कॅनडाचे ठरते. उनियाऱ्याहून आलेल्या अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी पदरी ठेवले आणि आज सगळे त्यांना कोल्हापूरचेच समजतात, तेव्हा बाबांना यात नवल वाटू नये.

हलगी म्हटल्यावर विचाराल, म्हणून सांगते. मागच्या वेळी आले होते तेव्हा तालमीच्या वादकांकडून ती ध्वनिमुद्रित करून घेतली. शेकोटीवर चामडे तापवून आवाज चढवण्यापासून सगळे नीट केले, त्यांना मोबदला दिला आणि संग्रहात त्यांची नावे छापणार आहे. इथल्या ध्वनिमुद्रकाने ती ऐकून हे कोणत्या यंत्रावर केले असे विचारले, तेव्हा मला किती बरे वाटले काय सांगू.

माझ्या खाण्यापिण्याची काळजी करू नये. ज्वारीचे पीठ इथल्या भारतीय दुकानात मिळते, कांदा-लसूण चटणीचा वहिनीने दिलेला डबा अजून निम्मा आहे, आणि रविवारी पांढरा रस्सा मी स्वतः करते, तो आईसारखा होत नाही पण फेकावाही लागत नाही. घर उबदार आहे, जोडीला एक तमिळ मैत्रीण राहते, ती परिचारिका आहे, म्हणजे माझ्या सर्दी-पडशावरही घरातच नजर असते. रात्रीच्या कार्यक्रमानंतर मी एकटी येत नाही. मंचावर आडनाव लावत नाही, त्यामुळे आत्याला जिल्हाभर खुलासे देत फिरावे लागणार नाही.

आता तुमच्याबद्दल, आणि यात मला वाद नको आहे. बाबा, स्टेंट बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवण्याची जी गोळी दिली आहे ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. दाढ काढणारे डॉक्टर बंद करा म्हणाले तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करायचा. रंकाळ्यावर फिरायला जरूर जा, पण पाऊस पडून गेल्यावर कडेच्या शेवाळलेल्या फरशीवर पाय टाकू नका, आणि खिशात मोबाइल ठेवा, घरी खुंटीला नको. आई, गुडघे दुखत असताना अंबाबाईच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणे बंद कर; देवीला तुझे गुडघे माहीत आहेत. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेण्याविषयी दादाशी बोलले आहे, सुतार आला की त्याला "नंतर या" म्हणून परत पाठवू नये.

पावसाळा तोंडावर आला आहे. 2019 आणि 2021 ला जो महापूर आला त्यानंतर मी इथे बसून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघते. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे पेठेतल्या लहान पोरालाही पाठ आहे. आपल्यासाठी मात्र 39 फुटांचा नियम. पातळी तिथे पोहोचली की दोघांनी औषधे, घराची कागदपत्रे आणि आईच्या मोजक्या सोन्याचा डबा घेऊन आत्याकडे राजारामपुरीत जायचे. "अजून पायरीला पाणी लागलेले नाही" हे बाबांचे वाक्य मी यंदा ऐकून घेणार नाही.

शेवटचे काम आईचे आहे. स्वयंपाकघरात तू म्हटलेल्या जात्यावरच्या दोन ओव्या मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या, आठवते? त्या पाचव्या गाण्याच्या सुरुवातीला घेतल्या आहेत. ओव्यांचे शब्द परंपरेतले, सगळ्यांचे आहेत. आवाज मात्र तुझा आहे, आणि तुझ्या लेखी संमतीशिवाय मी तो वापरणार नाही. सोबत एक कागद पाठवला आहे. त्यात त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणातून जे येईल त्यातला तुझा वाटा लिहिला आहे, तो थेट तुझ्या खात्यावर जमा होईल. "मुलीकडून कसले पैसे" असे म्हणू नको, कारण हे पैसे मुलीकडून येणार नाहीत, गायिकेच्या कामाचे येतील. कागद दादाकडून मराठीत वाचून घे, मगच सही कर. सही तूच कर, तुझ्या वतीने बाबांनी करू नये. खाते क्रमांक पासबुकावरून उतरव, आठवणीतून नको. संग्रहावर तुझे नाव छापायचे आहे, ते माहेरचे आडनाव लावून की सासरचे, की नुसतेच नाव, हेही त्याच कागदावर लिहून पाठव. ते ठरवताना बाबांना विचारायची गरज नाही.

तुमची लाडकी,
बाळी