लवकर सोडवलं म्हणून आणखी वीस गणितं?

मा. संपादक,
स. न.

शिष्यवृत्ती आणि नवोदयचे निकाल लागले की आपल्या मराठवाड्यात गावोगावी फ्लेक्स झळकतात. कौतुक व्हायलाच हवं. पण शिष्यवृत्तीच्या एका पेपरात 75 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. नवोदयला 80 प्रश्न, दोन तास. यातून वेग कळतो, सराव कळतो. एकाच प्रश्नाला दोन दिवस चिकटून बसायची सवय ना इथं तपासली जाते, ना जादा तासाला लावली जाते. शिवाय जिल्ह्याला नवोदय एक, सहावीच्या जागा 80. बाकीची हुशार लेकरं गावच्याच शाळेत राहतात.

तिथं काय होतं? स्वाध्याय दहा मिनिटांत संपवणाऱ्याला तसलीच वीस गणितं आणखी मिळतात, नाहीतर मॉनिटर करून वह्या गोळा करायला लावतात. पोरगं शहाणं असतं, पुढच्या वेळी मुद्दाम हळू सोडवतं. पायऱ्या लिहायची त्याला कधी गरजच पडलेली नसते. आठवी-नववीत भूमितीची सिद्धता समोर आली की ते अडतं, आणि अडल्यावर काय करायचं हे ठाऊक नसल्यानं गणितच सोडून देतं.

उपाय बिनखर्ची आहे. प्रकरण सुरू करतानाच शेवटच्या स्वाध्यायातले पाच अवघड प्रश्न पूर्वचाचणी म्हणून द्यावेत. चार बरोबर आले आणि कसे आले हे सांगता आलं, तर बाकीचा स्वाध्याय माफ. त्या वेळात उलटा प्रश्न द्यावा. 36 आणि 48 चा लसावि 144, हे सगळेच काढतात. लसावि 144 येईल अशा सगळ्या जोड्या शोधायला सांगा. 144 सोबत त्याचा कोणताही विभाजक घेतला की जोडी जमते, अशा 15 मिळतात आणि बहुतेक मुलं तिथंच थांबतात. 16 आणि 9 सारख्या आणखी 8 आहेत. एकूण 23च का, चोविसावी का नाही, हे पटवून देताना खरा कस लागतो. शिक्षकानं मात्र पहिल्याच दिवशी उत्तर सांगून टाकू नये. घाई बहुधा आपल्यालाच असते.

द्विशिक्षकी शाळेत तर आणखी सोपं. तिसरीचं लेकरू गणितापुरतं पाचवीच्या ओळीत बसवायला खोलीसुद्धा बदलावी लागत नाही.

अडचण तपासणीची आहे. वहीत कोरा स्वाध्याय दिसला की ‘अपूर्ण’ असा शेरा पडतो, म्हणून शिक्षक जोखीम घेत नाहीत. पूर्वचाचणीची नोंद असेल तर स्वाध्याय गाळलेला चालेल, एवढं एक पत्र शिक्षणाधिकाऱ्यांनी केंद्रप्रमुखांना जूनमध्येच काढावं.

– एक प्राथमिक शिक्षक, औसा (जि. लातूर)