कायदेशीर संपाला तारीखच उरलेली नाही : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्याविषयी कारखान्यांच्या गेटवर जो संताप आहे, त्याचे मूळ संपावर बंधने घालणाऱ्या कलम ६२ मध्ये आहे.

संपाआधी १४ दिवसांची नोटीस महाराष्ट्राला नवी नाही. १९७१ च्या राज्य कायद्यापासून आपल्याकडच्या युनियन ती देत आल्या आहेत. आमची हरकत नोटिशीनंतर काय होते याला आहे. समजा, मालकाने मागणीपत्र फेटाळले आणि युनियनने नोटीस दिली. समेट अधिकाऱ्याने, म्हणजे वादात मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, पहिली बैठक घेतली की समेट सुरू झाला असे धरले जाते आणि तो चालू असेपर्यंत व संपल्यावर आणखी ७ दिवस संप बेकायदा. समेट फिसकटला की कोणताही पक्ष, म्हणजे मालकसुद्धा, थेट औद्योगिक न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो. पूर्वी असा वाद तिथे सरकारने पाठवावा लागे. आता मालकाने त्या ७ दिवसांत अर्ज टाकला, की निकाल लागेपर्यंत आणि त्यानंतर ६० दिवस संप करता येत नाही. तोवर मूळ नोटीसही बाद झालेली असते, कारण नोटीस दिल्यापासून ६० दिवसांतच संप करावा लागतो.

म्हणजे पगारवाढीच्या करारासाठी कायद्याने संप करायला दिवस कोणता? मालकाचा वकील जागा असेल, तर एकही नाही. तरीही कामगार बाहेर पडला, तर १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी सी.एल. (किरकोळ रजा) टाकली तरी तो संपच.

कायदा केंद्राचा आहे, हे उत्तर पुरेसे नाही. कामगार हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा, विषय आहे. राजस्थानने २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती घेऊन केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी किती कामगारांच्या कारखान्यापासून लागते, ती मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली. मालकांसाठी चाललेली ती वाट कामगारांसाठीही खुली आहे.

म्हणून राज्याने दुरुस्ती विधेयक आणावे : मालकाच्या नुसत्या अर्जाने संपावर बंदी येऊ नये, सरकारने कारणे देऊन लेखी आदेश काढला तरच ती यावी, आणि तिला मुदत असावी. नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत समेटाची पहिली बैठक झालीच पाहिजे, असा नियम करावा. बैठक तेराव्या दिवशी ठेवली, तर आधीचे दिवस फुकट जातात.

आणखी एक. कपात आणि कारखानाबंदीच्या परवानगीसाठीची ३०० ची मर्यादा नुसत्या अधिसूचनेने आणखी वाढवण्याचा अधिकार संहितेने राज्याला दिला आहे. तो वापरणार नाही, असे आपण विधिमंडळात सांगावे. २९० कामगारांचा कारखाना आजच परवानगीशिवाय बंद होऊ शकतो.

आपले,
औद्योगिक वादांची प्रकरणे हाताळणारे युनियन कार्यकर्ते