काळी मेहंदी म्हणे!

मा. संपादक,

लग्नसराई आलीये म्हणून मुद्दाम लिहितेय. मागच्या वर्षी पुतण्याच्या लग्नाच्या दोन दिवस आधी आमच्या धाकट्या जाऊबाईंनी किराणा दुकानातनं काळ्या मेहंदीचं पाकीट आणलं, वर हिरव्या पानांचं चित्र, मग कशाला भीती, केसांना लावून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी डोक्याला खाज, आणि लग्नाच्या सकाळी कपाळ-कान लालभडक, डोळे सुजून उघडेनात! अक्षता सोडून आम्ही स्किनच्या डॉक्टरकडे. आधी कधी खाज यायची का विचारलं तर म्हणतात, यायची थोडी, पण मेहंदी तर थंड असते ना.

ती मेहंदी नव्हतीच हो. पाकिटावरची बारीक अक्षरं मी भिंग घेऊन वाचली तर पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायमीन, केमिकल डायच तो. खऱ्या मेहंदीचा रंग केशरी-तांबूस येतो, नुसत्या पानांनी केस काळेभोर होत नाहीत. आणि पीपीडीची ॲलर्जी एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. ‘अमोनिया फ्री’ लिहिलं म्हणून पण खूश होऊ नका, अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकतो.

नियम नाहीत असं नाही. आपल्याकडे पीपीडीवाल्या डायवर इंग्रजी आणि स्थानिक भाषेत इशारा छापावा लागतो, कानामागे किंवा हाताला थोडासा लावून २४ तास बघा, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, डोळे जाऊ शकतात. ही नुसती भीती नाही, अमेरिकेत १९३३ च्या सुमारास ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापण्यांच्या डायने खरंच बायकांची दृष्टी गेली होती, त्यानंतर १९३८ मध्ये तिथे कॉस्मेटिक्स कायद्याखाली आली. पण आमच्या पाकिटावर मराठी कुठे दिसेना, आणि पार्लरमध्ये २४ तास थांबा म्हणणारी अजून तरी मला भेटली नाही (थांबायला वेळ आपल्याला तरी कुठे असतो म्हणा).

आपल्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, एवढं करावं, पीपीडी असेल तर पाकिटावर पुढच्या बाजूला मोठ्या मराठी अक्षरात ‘केमिकल डाय’ लिहायला लावावं आणि ते पानाचं चित्र काढायला लावावं.

जाऊबाईंनी केस आता पांढरेच ठेवलेत. भाऊजी मात्र उरलेली पाकिटं मिशीला लावून संपवतायत, टेस्ट वगैरे काही नाही.

– एक वाचक, मिरज