नक्षीयंत्राचा पीळ आणि लाखेचा हात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात निवृत्तीनंतर किंवा नोकरी सांभाळून हौसेने सुतारकाम करणारे बरेच जण आहेत. त्यांपैकी काहींनी अलीकडे लाकडावर पीळ, खाचा आणि मणी कोरणारे नक्षीयंत्र घेतले आहे. मीही त्यांपैकीच एक. माझे यंत्र उद्यमबागेतल्या एका टर्नरने चार वेळा चाके बदलून जुळवून दिले. यंत्रांची चर्चा आता आपसांत पुष्कळ होते. मात्र कोरलेल्या लाकडावर पॉलिशचा शेवटचा हात कसा द्यायचा हे शिकवणारे फारसे कोणी उरलेले नाही, या गोष्टीकडे मला आपल्या वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

लेथवर लाकूड वेगाने फिरते आणि पटाशी हातात स्थिर असते. नक्षीयंत्रावर याच्या उलट घडते. लाकूड दोन टोकांमध्ये धरून अगदी सावकाश फिरवले जाते आणि मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेणारा राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने कोरणारे विजेचे हत्यार, गाडीवरून त्याच्या लांबीने सरकत जातो. लाकडाचे फिरणे आणि गाडीचे सरकणे दातेरी चाकांनी एकमेकांशी बांधलेले असते, त्यामुळे लाकडाच्या एका फेऱ्यात गाडी सहा इंच पुढे गेली तर फर्निचरच्या बारा इंचांच्या पायावर बरोबर दोन वेढे पडतात. लाकूड ठरावीक भागांनी वळवणारी चोवीस भागांची चकती असली की दोन, तीन, चार, सहा अशा, चोवीसला पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येच्या धाग्यांचे पीळ समान अंतरावर काढता येतात. हे काम पाहताना मन रमते, हे मी आनंदाने सांगतो.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पिळाची खाच लाकडाच्या रेषेला तिरपी कापत जाते. त्यामुळे तिची एक बाजू गुळगुळीत निघते आणि दुसऱ्या बाजूला, उलट्या रेषेवर रंधा मारल्यासारखे, तंतू उचकटलेले राहतात. शिवाय जिथे तंतूंची टोके उघडी पडतात तिथे रंग जास्त मुरतो, आणि एकाच पायावर काळे-पिवळे पट्टे उमटतात. यावर उपाय सोपा असला तरी चिकाटीचा आहे. ओल्या फडक्याने लाकूड पुसून तंतू उभे राहू द्यावेत, पूर्ण वाळल्यावर 220 नंबरच्या पॉलिश पेपरची घडी खाचेतून रेषेच्या दिशेने फिरवावी आणि रंग देण्याआधी पातळ लाखेचा एक हात मारून घ्यावा.

गेल्या जुलैमध्ये मी सागवानी देवघराचे चार खांब कोरले आणि सणाच्या घाईत भर पावसात त्यांना लाखेचे पॉलिश दिले. तासाभरात चारही खांबांवर दुधाळ पांढरे सावट आले. लाख ज्यात विरघळवतात ते स्पिरिट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतले पाणी त्या थरात अडकते, हे कारण मला नंतर कळले. ते सांगणारे एक वृद्ध पॉलिशवाले मिस्त्री होते. त्यांनी ऊन पडेपर्यंत थांबायला सांगितले, मग नुसत्या स्पिरिटचा ओलसर बोळा हलक्या हाताने फिरवला, आणि ते सावट माझ्या डोळ्यांदेखत विरले.

त्यांच्याकडून शिकलेले प्रमाण येथे देतो. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे 120 ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळावी आणि सहा महिन्यांच्या आत संपवावी, कारण जुने द्रावण चिकट राहते व नीट वाळत नाही. सपाट भागावर धुतलेल्या सुती कापडाचा बोळा वापरावा. खाचांत तो पोहोचत नाही, तिथे मऊ केसांचा ब्रशच हवा. अळशीचे तेल वापरणाऱ्यांनी तेलकट चिंध्यांचा ढीग कधीही करू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून चिंध्या पसरूनच वाळवाव्यात.

लाखेचे काम आपल्याला नवे नाही. आमच्याकडचे कन्नड मिस्त्री लाखेला अरगू म्हणतात. चन्नपट्टणचे कारागीर लेथवर वेगाने फिरणाऱ्या खेळण्याला लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी येते. परंतु सावकाश फिरणाऱ्या, खाचाखाचांच्या पिळावर ही रीत चालत नाही. तिथे स्पिरिटमधली लाख आणि ब्रशच लागतो, आणि ते कौशल्य असणारे हात आता फार थोडे राहिले आहेत. पीयू (पॉलियुरेथेन) आणि मेलामाइन ही तयार रासायनिक पॉलिशे आल्यापासून त्यांना कोणी बोलावत नाही.

म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी दोन ठिकाणी विनंती आहे. आपल्या भागातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, रविवारी, हौशी सुतारांसाठी लाकडाच्या पॉलिशचे प्रात्यक्षिक वर्ग घ्यावेत आणि त्यांत अशा वृद्ध मिस्त्रींना योग्य मानधन देऊन शिकवायला बोलवावे. वाचनालयांनी त्यांच्याकडून प्रमाणे, रीती आणि कानडी-मराठी शब्द लिहून घेऊन जतन करावेत. या वर्गांसाठी माझे यंत्र आणि कोरलेले, अद्याप पॉलिश न केलेले सहा पाय मी आणून देईन.

आपला नम्र वाचक,
शहापूर, बेळगाव