धावायला शिकवताना चालायलाही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांची पाने यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या धावपटूंच्या छायाचित्रांनी भरून जातात आणि त्याच आठवड्यात शाहू स्टेडियमवर नव्याकोऱ्या बुटांची संख्या एकदम वाढते. पंधरा-वीस दिवसांत त्यांतले बहुतेक बूट दिसेनासे होतात. हे मी टिंगल म्हणून लिहीत नाही, कारण चार वर्षांपूर्वी दिसेनाशा झालेल्या त्या बुटांत माझेही होते.

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. पुरवणीतली एक यशोगाथा वाचून पेटले आणि भाच्याबरोबर पहाटे थेट घाटाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले. दोन वळणांत धाप लागली, तरी ‘जिद्द सोडायची नाही’ हे वाचलेले वाक्य आठवत तशीच रेटत राहिले. आठवडाभर हाच क्रम चालला. आठव्या दिवशी उजव्या पायाची नडगी अशी दुखू लागली की घराचा जिनाही कठड्याला धरून उतरावा लागे. आपल्याला धावणे जमणारे नाही, अशी मनाची समजूत घालून मी बूट माळ्यावर टाकले.

गेल्या दिवाळीनंतर ते पुन्हा खाली आले, ते मुलीने फोनवर घालून दिलेल्या एका नऊ आठवड्यांच्या वेळापत्रकामुळे. इंग्रजीत त्याला ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत, असे म्हणतात. जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकी तरुणाने ते १९९६ मध्ये तयार केले आणि पन्नाशीतली आपली आई त्याच्या डोळ्यांसमोर होती, हे कळल्यावर मला त्याच्याविषयी आपोआप विश्वास वाटू लागला. पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनेही ते उचलून धरले. आठवड्यातून तीनच दिवस धावायचे आणि दोन धावांच्या मध्ये किमान एक दिवस पायांना विश्रांती द्यायची. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालून अंग गरम करायचे आणि मग वीस मिनिटे साठ सेकंद धावणे, नव्वद सेकंद चालणे हा क्रम धरायचा. हिशेब केला तर पहिल्या दिवशी प्रत्यक्ष धावणे होते अवघे आठ मिनिटे! एवढ्यासाठी पहाटे साडेपाचला उठायचे का, असे मला पहिल्या दिवशी खरोखर वाटले. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या धरल्या तेव्हा वाटेनासे झाले.

दुसऱ्या आठवड्यात दीड मिनिट धावणे, तिसऱ्यात तीन मिनिटे, चौथ्यात पाच, अशी धावण्याची मिनिटे इतक्या बेताने वाढतात की वाढल्याचे शरीराला उशिराच कळते. अडचण आली ती पाचव्या आठवड्यात. त्याच्या दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटांचे दोन टप्पे असतात आणि तिसऱ्या दिवशी मधे न चालता सलग वीस मिनिटे धावायचे असते. मी अकराव्या मिनिटाला थांबले. नेटजवळ हातपाय झटकत उभ्या असलेल्या व्हॉलीबॉलच्या मुलांपैकी एकाने “काकू, बोलता येईल एवढ्याच वेगाने पळा” असे ओरडून सांगितले. मी तो आठवडा सगळा पुन्हा केला आणि दुसऱ्या खेपेस मनातल्या मनात मारुती स्तोत्र म्हणत, शब्द तुटू लागला की वेग कमी करत, वीस मिनिटे पूर्ण केली. माझ्या शेजारून एक आजोबा नुसते चालत पुढे गेले, हेही प्रामाणिकपणे नमूद करते.

मधे चालणे कशासाठी, हे मला आमच्या डॉक्टरांनी समजावले. (चाळिशीनंतर, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, आधी डॉक्टरांना दाखवणे आवश्यकच आहे.) सरावाने हृदय आणि श्वास काही आठवड्यांतच सुधारतात, हाडे आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे मात्र कणखर व्हायला महिने घेतात. दम पुरतो म्हणून माणूस पळत सुटतो आणि बिल फाटते नडगीच्या नावावर. चार वर्षांपूर्वी माझ्यात जिद्द कमी नव्हती, उलट तिनेच घात केला होता, हे तेव्हा उमगले.

नऊ आठवड्यांचा हा क्रम पुरा करायला मला बारा आठवडे लागले. शेवटच्या दिवशी अर्धा तास सलग धावले तेव्हा अंतर भरले साडेतीन किलोमीटर. अर्ध्या तासात पाच किलोमीटर म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे, आणि तो वेग माझ्या वयाच्या नवशिक्या बाईला सहसा झेपत नाही. पण वेळापत्रकाच्या नावातले ‘पाच’ पाहून कित्येकजण इथेही खट्टू होतात. माझे पाच किलोमीटर मार्चअखेर झाले, त्रेचाळीस मिनिटांत. आज मी आठवड्यातून तीन दिवस तेवढे धावते. घाटाच्या वाटेला अजून गेलेली नाही. गल्लीतल्या बायकांनी “कुठे आग लागली?” असे विचारणे मात्र आता बंद केले आहे आणि त्यांतल्या दोघी सध्या साठ सेकंद-नव्वद सेकंदांवर आहेत.

आपल्या पुरवणीत येणाऱ्या धावपटूंच्या कहाण्यांत पदके असतात, पहाटे चारला उठणे असते, संकटांवर केलेली मात असते. ती माणसे पहिल्या महिन्यात किती मिनिटे धावली आणि किती मिनिटे चालली, एवढी साधी गोष्ट मात्र त्यांत सापडत नाही. मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली, त्या याच जिल्ह्याच्या, याचा अभिमान आम्हालाही आहे. पण त्यांच्यावरचा लेख वाचून उद्या सकाळी काय करावे, हे बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कळत नाही.

म्हणून विनंती अशी की, दिवाळीनंतर थंडी पडली आणि मैदाने कोरडी झाली की आपल्या पुरवणीत हे नऊ आठवड्यांचे वेळापत्रक, आठवडा पुन्हा करण्याची मुभा आहे या सूचनेसह, कापून भिंतीवर लावता येईल अशा चौकटीत छापावे. छापताना चालण्याच्या मिनिटांचा रकाना जागेअभावी कृपया गाळू नये.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा