खोडाला छिद्र पाडण्याआधी : वृक्षसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पर्यावरण व वृक्षसंवर्धन विभाग

विषय : बुरशीजन्य रोगांसाठी झाडांच्या खोडात औषध सोडण्याच्या कामाचे नियम ठरवण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

रस्त्याकडेची आणि उद्यानांतली जुनी झाडे बुरशीच्या रोगाने वाळू लागली की त्यांच्या खोडात थेट बुरशीनाशक सोडावे अशी मागणी होते, आणि ही मागणी रास्त आहे. हे काम मी स्वतः वीस वर्षांहून अधिक काळ करत आलो आहे. त्यामुळे ही पद्धत बंद व्हावी असे मी मुळीच म्हणणार नाही. माझी तक्रार आहे ती हे काम कंत्राटावर देण्याच्या तऱ्हेबद्दल. किती झाडांना किती इंजेक्शने दिली, एवढ्यावरच जिथे बिल मंजूर होते, तिथे ती तऱ्हाच झाडाच्या मुळावर येते. आपल्या विभागाने रोगाच्या निदानाचे आणि उपचारानंतरच्या देखरेखीचे पैसे द्यावेत, छिद्रांच्या संख्येवर देणे थांबवावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या पद्धतीचे मोल आधी सांगितले पाहिजे. वीस-पंचवीस मीटर उंच झाडावर फवारणी करायची म्हटले की औषधाचा मोठा भाग वाऱ्यावर जातो. तो खालून जाणाऱ्या माणसांवर, मधमाश्यांवर, जवळच्या पाण्यात पडतो आणि शेंड्यापर्यंत पुरेसा पोचतही नाही. खोडात सोडलेले औषध मात्र झाडाच्या आतच राहते. पानांतून पाण्याची वाफ होत असते, त्या ओढीने जलवाहिन्यांतले पाणी वर चढते आणि त्याच्याबरोबर औषधही फांद्यांत व पानांत पसरते. शिवाय काही बुरश्या राहतातच मुळी जलवाहिन्यांमध्ये. अशा मर रोगात पानावर फवारलेले औषध आत बसलेल्या बुरशीपर्यंत जात नाही, आणि म्हणून या रोगांत औषध द्यायचेच तर ते खोडातून देण्याला फारसा पर्याय नाही.

एल्म झाडांचा ‘डच एल्म’ रोग हे याचे सर्वांत जुने आणि सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण आहे. रोगाचे मूळ हॉलंडमध्ये नाही. १९२०च्या दशकात तिथल्या बी श्वार्त्झ आणि क्रिस्टीन बॉइस्मान या संशोधक स्त्रियांनी त्यामागची बुरशी शोधून सिद्ध केली, म्हणून हे नाव पडले. सालीत पोखरणारे भुंगे बुरशीचे बीजाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, आणि शेजारच्या दोन झाडांची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतील तर भुंग्याचीही गरज पडत नाही. त्याच बुरशीच्या अधिक घातक भावंडाने १९७०च्या दशकापासून एकट्या ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून अधिक एल्म मारले. थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक बुंध्यातून नीट दिले तर निरोगी एल्मला साधारण दोन ते तीन हंगाम संरक्षण मिळते. रोग लागून गेलेल्या झाडाचे गणित मात्र फार कडक आहे. पर्णसंभाराच्या सुमारे पाच टक्क्यांपेक्षा अधिक भाग वाळलेला असेल तर ते झाड वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते. ओकच्या मर रोगात प्रोपिकोनाझोल वापरतात. तिथेही निम्मे झाड वाळल्यावर औषध घेऊन जाणे म्हणजे वरातीमागून घोडे नेण्यासारखे आहे.

आता या उपचाराची दुसरी बाजू. माझ्या टेबलावर एका तोडलेल्या झाडाच्या खोडाची चकती आहे. सालीपासून आत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, बोटभर जाडीची पाच भोके दिसतात. ती छातीच्या उंचीवर पाडलेली होती, कारण तिथे उभ्याउभ्या यंत्र धरणे सोपे जाते. पाचपैकी दोन भोके ओले काष्ठ, म्हणजे सालीलगतचे पाणी वाहणारे लाकूड, ओलांडून थेट गाभ्यात गेली आहेत. प्रत्येक भोकाभोवती काळपट तपकिरी डाग पाचरीसारखा पसरला आहे, आणि खोड उभे चिरल्यावर तोच डाग भोकाच्या वर-खाली हातभर गेलेला दिसला. बाहेरच्या बाजूने झाडाने दोन नवी वर्षवलये वाढवून तीन भोकांची तोंडे बुजवली आहेत. उरलेली दोन उघडीच राहिली.

कातडीची जखम भरून येते तशी झाडाची जखम भरून येत नाही. अमेरिकेतले वृक्षरोगतज्ज्ञ अलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी-आडवी कापून पाहिली आणि १९७०च्या दशकात हे स्पष्टपणे मांडले, की झाड जखमी ऊती पुन्हा बांधत नाही, तो भाग भिंती घालून बंदिस्त करते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढवते. म्हणजे आपण पाडलेले प्रत्येक छिद्र झाडाच्या शरीरात ते जगेल तोवर राहते, आणि त्या पट्ट्यातून पुन्हा पाणी वाहत नाही. दोन-तीन वर्षांनी पुन्हा औषध द्यायचे तर नवी छिद्रे, पुन्हा नवे डाग. सशक्त झाड हे सहन करते. अशक्त झाडाला भिंती घालायलाही ताकद उरलेली नसते.

आणि ज्या झाडाची ही चकती आहे, त्याला मुळात या उपचाराची गरजच नव्हती. त्याच्या बुंध्याशी, जमिनीलगत, फळीसारखी टणक अळंबी उगवलेली होती. ही मूळकूज करणाऱ्या बुरशीची खूण असते. ती बाहेर दिसते तेव्हा आतले लाकूड बरेचसे खाऊन झालेले असते. जलवाहिन्यांतून वर जाणारे कोणतेही औषध त्या मेलेल्या लाकडात पोचत नाही, आणि पोचले तरी गेलेली मजबुती परत आणत नाही. झाडाला ‘बुरशी लागली’ एवढे ऐकून कोणीतरी पाच भोके पाडली, पाच इंजेक्शनांची नोंद केली, आणि पुढे वर्षा-दोन वर्षांत झाड धोकादायक म्हणून तोडावे लागले. त्या वेळी बुंध्याशी वाकून पाहायला एक मिनिट लागले असते.

म्हणून निदानाचा आग्रह धरतो आहे. पाने पिवळी पडणे, शेंडा वाळणे, अकाली पानगळ ही लक्षणे डझनभर कारणांनी दिसतात : खोडाभोवती घट्ट बसवलेले काँक्रीट, खोदकामात तुटलेली मुळे, साचलेले पाणी, जमिनीखालची वायुगळती, अवर्षण. माडवर्गीय झाडांना मारणारा ‘घातक पिवळेपणा’ हा रोग बुरशीचा नसून फायटोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाचा आहे, आणि त्याला खोडातून ऑक्सिटेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक दिले जाते. बुरशीनाशकाचा तिथे काडीचा उपयोग नाही. मुळे कुजवणारा फायटोप्थोरा हा सूक्ष्म जीव बुरशीसारखा दिसत असला तरी शास्त्रीयदृष्ट्या खरी बुरशी नाही, त्यामुळे नेहमीची बरीच बुरशीनाशके त्याच्यावर चालत नाहीत. त्याला फॉस्फाइट लागते. हे औषध जलवाहिन्यांतून वर आणि पानांतले अन्न नेणाऱ्या रसवाहिन्यांतून खाली, असे दोन्हीकडे फिरते, म्हणजे खोडात दिलेले औषध मुळांपर्यंत उतरते, आणि शिवाय ते झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते. दक्षिण आफ्रिकेतल्या अवोकॅडोच्या बागा १९८०च्या दशकात याच उपायाने सावरल्या. पण तेच फॉस्फाइट मात्रेपेक्षा जास्त झाले की पाने करपतात. लक्षण सारखे असले तरी रोग, औषध आणि मात्रा वेगळी असते, आणि हे ठरवायला वाळत्या पण अजून जिवंत असलेल्या फांदीचा ताजा नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. पूर्ण मेलेल्या फांदीवर दुसऱ्याच बुरश्या वाढलेल्या असतात आणि अहवाल चुकतो, हेही नमुने गोळा करणाऱ्यांना शिकवायला हवे.

प्रत्यक्ष छिद्र पाडण्याच्या कामातही बरेच काही माणसाच्या हातावर अवलंबून असते, आणि कंत्राटाच्या कागदात ते कधी उतरत नाही. बुंधा जमिनीशी पसरून मुळांत उतरतो, तिथे छिद्रे पाडावीत. त्या भागातून औषध अधिक सारखे पसरते आणि जखमही लवकर झाकली जाते. त्यासाठी बुंध्याभोवतीची माती हाताने थोडी बाजूला करावी लागते, आणि गुडघ्यावर बसावे लागते. छिद्र शक्य तितके बारीक, पाच-सहा मिलिमीटरच्या आसपास, आणि साल ओलांडून बाहेरच्या ओल्या काष्ठापुरतेच असावे. एल्म, ओक यांसारख्या झाडांत पाणी मुख्यतः सर्वांत बाहेरच्या, नव्या वलयातून चढते. त्याहून खोल जाऊन हाती काही लागत नाही. ड्रिलचे पाते धारदार हवे, कारण बोथट पाते लाकूड कापत नाही, भाजते, आणि भाजलेल्या वाहिन्या औषध ओढत नाहीत. बाहेर येणाऱ्या भुशाकडे मी नेहमी पाहतो : पांढरट, दमट कीस आला तर जागा जिवंत आहे; तपकिरी, कोरडी भुकटी आली तर तिथेच थांबावे. प्रत्येक झाडानंतर पाते निर्जंतुक केलेच पाहिजे, नाहीतर आजारी झाडाची बुरशी आपणच पुढच्या निरोगी झाडात टोचतो. मात्रा झाडाच्या छातीच्या उंचीवरच्या व्यासावरून काढायची असते, अंदाजाने नाही. जमिनीत ओल असताना, पाने पूर्ण फुटलेली असताना, दिवसाच्या उजेडात औषध सहज ओढले जाते. कोरड्या जमिनीवर उभे असलेले झाड ते तासन्‌तास घेत नाही, आणि मग घाई झालेला माणूस दाब वाढवतो. जास्त दाबाने साल लाकडापासून सुटते. अशी सुटलेली साल मी स्वतः हाताने उचलून पाहिली आहे.

माडवर्गीय झाडांबाबत वेगळा नियम हवा, कारण त्यांच्या खोडाला वर्षवलये नसतात आणि पाडलेले छिद्र ती कधीच झाकू शकत नाहीत. त्यांना खात्रीच्या निदानाशिवाय हात लावू नये. खाण्याची फळे देणाऱ्या झाडांना केवळ त्या झाडासाठी व त्या पद्धतीसाठी मान्य असलेलेच औषध द्यावे, आणि काढणीपूर्वीचा ठरलेला काळ पाळावा.

यावर आपले अधिकारी म्हणतील की रोग निदानाची वाट पाहत बसत नाही. मर रोगाच्या बाबतीत हे खरे आहे, आणि मला हा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच विभागाने यंत्रे विकत घेण्याआधी नमुने त्वरेने तपासून देणारी व्यवस्था उभी करावी, आणि प्रत्येक प्रभागात झाडे पायी फिरून पाहणारा प्रशिक्षित माणूस नेमावा. पाच टक्के वाळलेले झाड त्याच आठवड्यात ओळखले गेले तरच उपचाराला अर्थ उरतो. कोणत्या झाडाला औषध द्यायचे नाही, हेही त्यानेच ठरवावे. मर रोगाने मेलेले झाड तातडीने हलवणे, भुंगे बाहेर पडण्याआधी त्याची साल काढणे किंवा लाकूड नष्ट करणे, आणि शेजारच्या झाडाशी जुळलेली मुळे खोल चर खणून तोडणे ही कामे इंजेक्शनाइतकी दिसत नाहीत, तरी पुष्कळदा तीच आसपासची झाडे वाचवतात. हॉलंडमध्ये १९९०च्या दशकापासून एल्मना दर वसंतात एका निरुपद्रवी बुरशीचे बीजाणू टोचून त्यांची प्रतिकारशक्ती जागी केली जाते. तिथेही हे काम आजारी झाडे हटवण्याच्या मोहिमेला जोडूनच चालते, तिच्या जागी नाही.

तेव्हा पुढच्या निविदेत तीन बदल करावेत, अशी माझी विनंती आहे. छिद्रामागे किंवा इंजेक्शनामागे दर ठेवू नये; झाडाची पाहणी, प्रयोगशाळेचा अहवाल, उपचार आणि त्यानंतर दोन हंगामांची देखरेख असा एकत्र दर असावा, आणि त्याचा शेवटचा हप्ता दुसऱ्या हंगामातील पाहणीनंतरच द्यावा. पाहणीअंती ‘या झाडाला उपचार करू नये’ असा निष्कर्ष निघाला, तरी पाहणीचे पैसे पूर्ण मिळावेत. नाहीतर तसा निष्कर्ष कोणी काढणारच नाही. आणि प्रत्येक झाडाचा रोग, औषध, मात्रा, छिद्रांच्या जागा व तारीख यांची नोंद नागरिकांना पाहता येईल अशी ठेवावी, म्हणजे तीन वर्षांनी त्याच झाडापाशी जाणाऱ्या माणसाला जुन्या जखमा कुठे आहेत ते कळेल.

आपण वेळ दिलात तर मी ती चकती घेऊन आपल्या कार्यालयात येईन. उभा चिरलेला तुकडाही जपून ठेवला आहे. डाग किती वर गेला आहे, ते त्यावर बोट ठेवून दाखवता येते.

कळावे.

आपला विश्वासू,
एक वृक्षोपचारक