सी ड्राइव्ह का वाढत नाही

सातारा,
रविवार, रात्री

प्रिय संज्या,

सी ड्राइव्ह भरून लालेलाल, डीमध्ये 400 जीबी मोकळी. डीमधून 100 जीबी काढलीस तरी सीवरचं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' (जागा वाढवायचं बटण) राखाडीच, दाबताच येत नाही, हे वाचून हसू आलं. फोनवर सांगणार होतो, पण फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि मग आपलंच खरं करतोस. म्हणून हे पत्र.

'श्रिंक' (ड्राइव्ह आक्रसणं) केलं की विंडोज डीची जागा शेपटाकडून कापतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधली पट्टी नीट बघ: आधी सी, मग डी, आणि त्याच्याही पलीकडे काळी 'अनअलोकेटेड', म्हणजे कुणालाच न दिलेली जागा. सीला मात्र अगदी उजवीकडे चिकटून असलेलीच जागा घेता येते. आमच्या वाड्यात परसातली खोली रिकामी झाली, पण मधल्या खोलीत काका राहायचे; आम्हाला तिचा काय उपयोग? तसंच हे.

काकांना सरकवता येतं. जीपार्टेड हे डिस्कचे भाग सरकवणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालवून डी उजवीकडे ढकलायचा. पण ढकलायचा म्हणजे त्यातला सगळा डेटा उचलून पुन्हा लिहायचा. मी रात्री अकराला लावलं आणि दीडला लाइट गेली. यूपीएसनं एकदा 'टूं' केलं आणि मान टाकली. त्याची बॅटरी मेलीय हे मला दिवाळीपासून माहीत होतं. डी गेला. आईच्या सत्तरीचे फोटो ताईच्या फोनमध्ये निम्मेच सापडले. बॅकअप? विचारू नकोस.

तू डी अख्खा बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर आणि चार-पाच फाइली उघडून बघ. मगच डीवर 'डिलीट व्हॉल्यूम', सीवर 'एक्स्टेंड', आणि उरलेल्या जागेत नवा डी. अक्षर डीच ठेव, नाहीतर तुझ्या टॅलीचे शॉर्टकट बोंबलतील. सी आणि डीच्या मध्ये बारकंसं 'रिकव्हरी पार्टिशन' (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला भाग) दिसलं तर थांब, ते वेगळं प्रकरण आहे. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची 'रिकव्हरी की' आधी कागदावर उतरव. ती त्याच डिस्कवर ठेवणारा तूच पहिला नसशील.

आणि हो, आधी हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून कॉम्प्युटर बंद करायची सोय) बंद करून बघ. तेवढ्यानंही सीवर काही जीबी सुटतात, कदाचित हा सगळा खटाटोप महिनाभर पुढे जाईल.

शनिवारी येतोय. येताना माझी 1 टीबीची डिस्क आणतो. विंडोज ती 931 जीबी दाखवेल. दुकानदारानं फसवलं म्हणून ओरडू नकोस, दोघांची मोजायची रीत वेगळी आहे. तोवर डिलीटला हात लावू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
नंदू